नकोबाईची रेष

वखारवाल्यानं आमच्या जाऊबाईंचं नाव नकोबाई ठेवलं त्याला आता वीस वर्षं तरी झाली असतील. तोंडावर तो त्यांना ताई म्हणतो आणि पाठ वळली की नकोबाई. त्यांनाही ते पक्कं ठाऊक आहे. एकदा तर दारातून आत शिरता शिरताच त्यांनी त्याला सांगितलं, "नकोबाई आली म्हणून आत कळव, म्हणजे गडी आधीच चहा पिऊन घेतील." वखारवाला ओशाळला. पण त्या दिवशीही जाऊबाईंनी अडतीस फळ्या खाली काढायला लावल्या आणि एकही न घेता घराकडे वळल्या. मी बरोबर होते. परतीच्या वाटेवर मी एक शब्द बोलले नाही, आणि मी बोलत नाही तेव्हा माझं डोकं किती तापलेलं असतं हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

आमचं घर धनुष्यं करणाऱ्यांचं. तिरंदाजीचा नाद असलेल्या पुष्कळांना अजूनही लाकडाचंच धनुष्य हवं असतं, त्यांच्यासाठी आम्ही ती करतो. खाली एक लांबट खोली आहे, तिथे ओटा, हत्यारं आणि भिंतीला टेकलेल्या फळ्या. वर आम्ही राहतो. जाऊबाई फळी निवडतात. माझे थोरले दीर, ज्यांना घरात सगळेच दादा म्हणतात, ते ती तासून तिला आकार आणि बाक देतात. आणि धनुष्याच्या पाठीवर कापड चिकटवायचं काम माझं. माझे यजमान बस चालवतात. एवढ्या घरात सरळ काम करणारा मी एकटाच, बाकी सगळे वाकवणारे, हा त्यांचा विनोद मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे.

पाठीवर कापड कशाला, असं नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं. धनुष्य ओढलं की त्याची निशाणाकडची बाजू ताणली जाते, तीच पाठ. झाड वाढतं ते त्याच्या धाग्यांनी, लांबच लांब, बुंध्यापासून वरपर्यंत. करवत काही त्या धाग्यांना विचारून चालत नाही. ती आपली फळी सरळ कापते आणि वाटेत आलेले धागे तोडून टाकते. जिथे धागा असा मध्येच तुटून काठाबाहेर पडतो तिथे ताण आला की लाकूड उचकटतं. म्हणून पाठीवर लिननचं कापड सरसानं घट्ट बसवायचं. चांगल्या फळीला त्याचा आधार होतो. वाईट फळी मात्र त्यानं चांगली होत नाही. तिचं मोडणं फक्त चार दिवस पुढे जातं आणि तेवढे दिवस ती झाकलेली राहते.

हे सगळं मी आज शहाण्यासारखं सांगते आहे, पण आमच्या घरानं ते फार महाग शिकलं. मी लग्न होऊन यायच्या आधीची गोष्ट. तेव्हा निवडणं, तासणं, चिकटवणं, सगळं दादाच करायचे आणि जाऊबाई खालच्या खोलीत पाऊलही टाकत नसत. दादांना एक फळी मिळाली, ओकची, अंगावर लाटांसारख्या रेषा असलेली. ते तिच्यावर भाळलेच. धनुष्य झालं, कापड चढलं, आणि तिसऱ्या दिवशी ओढता ओढता वरची बाजू मोडून तुकडा दादांच्या चेहऱ्यावर आला. डावा डोळा गेला. भुवईपासून गालापर्यंत व्रण राहिला तो आजही आहे.

दादा दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी जाऊबाई पहिल्यांदा खाली उतरल्या. त्यांनी मोडके तुकडे गोळा केले, गरम पाण्याची फडकी ठेवून कापड सोडवलं आणि शिवणाची सुई घेऊन लाकडाच्या एका रेषेत टेकवली. सुई रेष धरून चालली आणि मोडलं होतं नेमक्या त्याच जागी काठावरून घसरली. हे आधी दिसलं नसतं का, असं त्यांनी दादांना विचारलं. दादा म्हणाले, दिसलं असतं, मी बघितलं नाही, फळी देखणी होती. जाऊबाई एवढंच म्हणाल्या की आजपासून फळी मी आणणार, तुम्ही फक्त तासा.

आणि तेव्हापासून दुनिया इकडची तिकडे झाली तरी त्यांची रीत बदललेली नाही. फळी आधी उन्हात न्यायची. रुंद बाजू बघायची, मग दोन्ही कडा, मग टोकांवरच्या वाढीच्या वर्तुळांचे तुकडे. गाठ दिसली, अगदी मुगाएवढी, की नको. जमिनीवर उभी आपटून आवाज ऐकायचा. बद्द आला की नको. मग सुई. आणि सुईच्या मागोमाग पेन्सिल, एकाच रेषेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती पेन्सिलीची रेष कुठेही काठाबाहेर न पडता पोचली तरच फळी घरी. लाकूड जिथे जरा डावीकडे झुकतं तिथे रेष झुकते, जिथे पोट काढतं तिथे पोट काढते. दादा तासताना ती बाजू राखतात, म्हणजे धनुष्य माझ्या हाती येतं तेव्हा रेष पाठीवर जशीच्या तशी असते. मग मी तिच्यावर सरस लावते, कापड बसवते आणि ती कायमची झाकली जाते. माझ्या हाताखालून शंभरावर रेषा गेल्या. एकीसारखी दुसरी नव्हती, आणि एकही सरळ नव्हती.

मी जाऊबाईंशी या नको-नकोवरून किती भांडले असेन त्याला गणती नाही. गिऱ्हाईक दारात, सरस पातेल्यात, आणि बाई पुन्हा रिकाम्या हातानं परत. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्या शांतपणे चपला काढायच्या आणि म्हणायच्या, "धाकटे, मी फळी निवडत नाही गं. मी माणसाचं तोंड निवडते." त्यावर मी आणखी चिडायचे.

म्हणून गेल्या वर्षी जाऊबाई जरा मवाळ झाल्या तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता, हे आधीच कबूल करून टाकते. अडतीसच्या जागी दहा-बारा फळ्यांतच त्यांचं काम होऊ लागलं. वखारवाला म्हणाला, नकोबाई आता होबाई व्हायला लागल्या. मी हसले. ओट्यावरचा दिवा त्यांनी दोनदा बदलायला लावला, हल्लीच्या दिव्यांत दम नाही म्हणाल्या. सुईत दोरा ओवायला मला हाक मारू लागल्या. सगळं डोळ्यांसमोर घडत होतं आणि मी मात्र फळी वेळेवर मिळते म्हणून खूश होते.

मग मुलींच्या शाळेतल्या खेळाच्या बाईंनी धनुष्य सांगितलं. हसऱ्या, तुरुतुरु चालणाऱ्या बाई. दहा दिवसांनी त्यांचे सामने होते आणि जुन्या धनुष्याचा बाक मेला होता, त्याला जोर उरला नव्हता. फळी आली, दादांनी तासली, आणि मध्येच त्यांना त्यांच्या बहिणीकडे तीन दिवस जावं लागलं. जाताना ते मला म्हणाले, बाईंचं धनुष्य मी आल्यावर बघू. मी हो म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी शोधायला लागले, कारण कापड वाळायला आठवडा लागतो आणि आमच्या घरात कॅलेंडर फक्त मीच बघते. ओट्यावर धनुष्य नव्हतं. ते सापडलं सगळ्यात वरच्या फडताळावर, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. माणूस आहे की कोडं, असं पुटपुटत मी ते खाली काढलं. खाली सरस तापत ठेवला, कापड भिजवलं, धनुष्य पालथं घातलं आणि पाठीवरून हात फिरवला.

रेष सरळ होती.

आधी मला काही कळलंच नाही. उलट कसलं छान लाकूड, असं वाटून गेलं. मग हात थांबला. मी धनुष्य उचलून खिडकीशी नेलं. सुतार लोक काठाला बोट टेकवून पेन्सिल सरकवतात आणि काठाला समांतर रेष मारतात ना, अगदी तशी ती होती. लाकडाची स्वतःची रेष तिच्याखालून तिरकी निघाली होती, पेन्सिलीला ओलांडून गेली होती आणि टोकापासून वीतभर अलीकडे काठाबाहेर पडली होती. जाऊबाईंनी लाकूड बघितलंच नव्हतं. त्यांना ते दिसलं नव्हतं, आणि दिसत नाही हे कोणाला कळू नये म्हणून बोटानं काठ धरून त्यांनी रेष ओढली होती.

मी स्टुलावर बसले. सरसाला वाफ येत होती. त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मनात आलं की कापड माझ्या हातात आहे. ते बसवलं की रेष कोणाला दिसणार नाही, जाऊबाईंचं नाव राहील, बाईंना वेळेवर धनुष्य मिळेल, आणि कदाचित ते मोडणारही नाही. हा कदाचित मी दोन-तीनदा मनाशी घोळवला. मग मला दादांचा जेवताना खाली वळलेला चेहरा आठवला, डावीकडची वाटी त्यांना दिसत नाही म्हणून जाऊबाई ती रोज न बोलता उजवीकडे सरकवतात ते आठवलं, आणि मी उठून सरसाखालचा गॅस बंद केला.

वर जाऊन मी म्हटलं, कापड कमी पडलं, आज होणार नाही. मला खोटं बोलता येत नाही. मी फार वेगानं बोलते. जाऊबाई भाजी निवडत होत्या. हातातली जुडी त्यांनी खाली ठेवली.

"रेष कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"सरळ आहे."

"किती सरळ?"

भाजीचं एक पान त्यांनी बोटांत धरून मोडलं, मग दुसरं. मग म्हणाल्या, "पट्टीसारखी."

"हो."

मला वाटलं त्या आता कोसळतील. त्या उठल्या, हात धुतले, आणि कागद-पेन्सिल आणून माझ्यापुढे ठेवली. त्यांना अक्षर दिसत नव्हतं म्हणून मला लिहायला सांगितलं. डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं तेव्हापासून आपण किती फळ्या आणल्या हे त्यांना पाठ होतं: नऊ. बाईंची एक. बाहेर गेलेली धनुष्यं सहा. दोन बाक देताना मोडली म्हणून दादांनी सांगितलं होतं. सहा माणसांची नावं-पत्ते मी लिहून घेतले. उद्या सकाळी निघायचं, जवळच्याकडून सुरुवात करायची, धनुष्यं परत आणायची.

मी म्हटलं, एकदम असं कसं जायचं, लोक काय म्हणतील, निदान फोन करू. "फोनवर कोणी नाही म्हणालं तर मी काय करू?" त्या म्हणाल्या. "दारात उभी राहिले तर हाकलणार तर नाहीत."

संध्याकाळी दादा एक दिवस आधीच परत आले. त्यांनी फडताळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खुर्चीत बसले. जाऊबाईंनी त्यांना यादी ऐकवली. सगळी ऐकून झाल्यावर ते म्हणाले की जायची गरज नाही. मग माळ्यावर चढले आणि दोन धनुष्यं खाली घेऊन आले, न मोडलेली, कापड न चढवलेली. दोन्हींच्या पाठीवर सरळ रेषा.

त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. रंधा चालवताना लाकूड उचकटायला लागलं की धागा कुठे चालला आहे हे त्यांच्या हाताला कळत होतं. वाईट फळी आली की ते मोडलं म्हणून सांगायचे आणि माळ्यावर ठेवायचे. बाईंचं धनुष्यही तसंच बाजूला जायचं होतं. दुसरी फळी ते स्वतःच गुपचूप आणणार होते, तेवढ्यात मी ते खाली काढलं. बाहेर गेलेली सहा आपण नीट बघून पाठवली आहेत, असं त्यांनी सांगितलं. वीस वर्षं ज्या माणसानं फळी निवडण्यात लक्ष घातलं नाही, तो बायकोची आब राखायला एका डोळ्यानं गुपचूप फळ्या तपासत होता. मला वाटलं, आता जाऊबाईंना भरून येईल.

जाऊबाई इतक्या चिडलेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या. आवाज मात्र चढला नाही.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू वखारीत जाणं सोडलं असतंस."

"सोडलं असतं. आणि तुमच्या हातून एखादी सुटली असती तर? माझी लाज राखायला कोणाचा डोळा पणाला लावायचा नाही. तुमचा एक गेला तेवढा पुरे."

सकाळी आम्ही तिघंही निघालो.

ते दोन दिवस मी जन्मात विसरणार नाही. प्रत्येक दारात जाऊबाई पुढे, आम्ही मागे. त्या तेच वाक्य म्हणायच्या: माझे डोळे गेले होते, मी ते लपवलं, तुमचं धनुष्य मला पुन्हा बघू द्या. कारण सांगताना त्यांनी एकदाही दिव्यावर, वखारीवर किंवा दादांवर ढकललं नाही. एका निवृत्त पोस्टमननं ते नाकारलं. शेकडो बाण मारलेत, काही झालं नाही म्हणाला. जाऊबाई त्याच्या पायरीवर बसल्या. तासाभरानं त्याच्या बायकोनंच धनुष्य आणून त्यांच्या हातात दिलं. दुसरा एक जण म्हणाला, विकायला येणारे पुष्कळ बघितले, परत न्यायला आलेलं कोणी बघितलं नव्हतं.

घरी गरम पाण्याची फडकी ठेवून मी माझंच काम माझ्याच हातांनी सोडवलं, सहा वेळा. कापड निघताना चिकट आवाज होत होता. दादा आणि मी एकेक रेष सुईनं तपासत होतो आणि जाऊबाई शेजारी बसून विचारत होत्या, पोचली का? सहाही रेषा नागमोडी निघाल्या आणि सहाही टोकापर्यंत पोचल्या. दादांचं खरं होतं. म्हणजे एवढी सगळी पायपीट फुकट, असं मी रागानं म्हणणार होते. पण सहाव्या धनुष्याला हो म्हटल्यावर जाऊबाईंनी जो श्वास सोडला तो ऐकला आणि तोंड मिटून नवं कापड बेतायला घेतलं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात झालं. खेळाच्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी सामन्यापुरतं कोणाचं तरी धनुष्य मागून घेतलं आणि त्या तिसऱ्या आल्या. डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा दादा समोरच होते. जाऊबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या, मग हात पुढे करून भुवईपासून गालापर्यंत बोट फिरवलं.

"एवढा मोठा आहे होय," त्या म्हणाल्या. "मला वाटत होतं पुसट होत चाललाय."

डॉक्टर दुसरीकडे बघू लागले आणि मी चपला शोधायचं निमित्त करून बाहेर गेले.

आता वखारीत आम्ही तिघं जातो. वखारवाल्यानं कपाळाला हात लावला, कारण एकाच्या जागी तीन नको. आधी पेन्सिल माझ्या हातात असते, मग दादांच्या, आणि सगळ्यात शेवटी जाऊबाईंच्या. त्यांचे डोळे आता माझ्यापेक्षा चांगले आहेत, तरी शेवटीच. आधीची रेष बघायची नाही, आपली आपण ओढायची, आणि एकाची जरी काठाबाहेर पडली तरी फळी परत. खेळाच्या बाईंसाठी पहिल्या दिवशी सेहेचाळीस फळ्या निघाल्या आणि आम्ही रिकाम्या हातानं घरी आलो. दुसऱ्या खेपेला मिळाली.

ती पाठ माझ्यापुढे आली तेव्हा तिच्यावर तीन रेषा शेजारी शेजारी होत्या. दादांची बारीक, जाऊबाईंची ठळक, आणि माझी, जी दर चार बोटांवर थांबली होती, वळली होती, घाबरली होती. मी म्हटलं, माझी खोडून टाकू का, फार वेडीवाकडी झाली आहे. जाऊबाईंनी धनुष्य उन्हात धरलं आणि माझ्या रेषेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश सुई नेली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "लाकूड असंच आहे."

मग मी सरस लावला आणि कापड बसवलं.